हळर्णहून दिसणारे रोम

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला आहे. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीजांचा विजरई पेद्रु मिगेल द आल्मैद याने तो सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. दोन वर्षांनी लिस्बनच्या दरबाराने ‘कास्तेलु नोव्हूचा मार्कीझ’ हा त्याचा किताब बदलला आणि त्याला ‘आलोर्नचा मार्कीझ’ केले. पोर्तुगीज कागदांतले आलोर्न म्हणजे आपले हळर्ण. जिंकलेल्या मुलखाचे नाव सेनापतीच्या नावाला जोडण्याची रीत मुळात रोमची. इसवी सनापूर्वी २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलचा पराभव करणारा स्किपिओ ‘आफ्रिकानस’ झाला आणि आशियात जिंकणारा त्याचा भाऊ ‘आशियाटिकस’. हळर्णचे नाव पुढे पोर्तुगालच्या साहित्यात गेले, कारण या विजरईची नात लेओनोर ही पोर्तुगीज भाषेतली मोठी कवयित्री आलोर्नची मार्कीझा म्हणूनच ओळखली जाते. त्याचा नातू, तिसरा मार्कीझ, नेपोलियनच्या सैन्यातल्या पोर्तुगीज पलटणींचा सेनापती होता. पेडण्याच्या एका गावाचे नाव असे युरोपभर फिरले. त्या गावाने रोमविषयी काय विचार करावा, हा प्रश्न मात्र मराठीत फारसा विचारला गेलेला नाही. पुढील पानांना प्रस्तावना लिहिताना मी तोच प्रश्न हाती घेत आहे.

या पानांचा विषय आहे युरोपच्या प्रबोधनकाळाने केलेला रोमचा अभ्यास: रोमची राज्यव्यवस्था, रोमचे राज्यकर्ते आणि रोमची युद्धे. चौदाव्या शतकात पेट्रार्कने स्किपिओवर महाकाव्य रचायला घेतले. पंधराव्या शतकात लेओनार्दो ब्रूनीने फ्लॉरेन्सचे मूळ सीझरच्या बादशाहीत न शोधता त्याआधीच्या प्रजासत्ताकात शोधले. १४३५ मध्ये स्किपिओ थोर की सीझर थोर, यावर पोज्जो आणि ग्वारीनो हे दोन विद्वान एकमेकांवर तुटून पडले. तो वाद दोन मेलेल्या माणसांच्या गुणावगुणांपुरता नव्हता. स्वतंत्र नागरिकांचे राज्य टिकते की एका माणसाचे, हा इटलीतल्या प्रत्येक शहराचा त्या वेळचा जिवंत प्रश्न त्यात होता. फ्लावियो बियोन्दोने रोमच्या संस्था, देवधर्म, सैन्य आणि विजयमिरवणुका यांचा एक अवाढव्य ग्रंथ सिद्ध केला. या सगळ्या परंपरेचा कळस म्हणजे निकोलो मॅकियाव्हेली (१४६९ ते १५२७) याने लिव्हीच्या रोमन इतिहासाच्या पहिल्या दहा पुस्तकांवर लिहिलेली ‘प्रवचने’. लिव्हीने १४२ पुस्तके लिहिली होती, त्यांतली ३५ उरली. उरलेल्यांतल्या पहिल्या दहांतून मॅकियाव्हेलीने राज्यशास्त्र उभे केले.

हा सगळा व्यवहार गोव्यापासून दूरचा वाटतो. तो तसा नव्हता. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंस द आल्बुकेर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला, तेव्हा मॅकियाव्हेली फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाच्या नोकरीत होता आणि त्या राज्याला स्वतःचे सैन्य उभारून देत होता. आल्बुकेर्कच्या मुलाने बापाचा इतिहास १५५७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला सीझरच्या ग्रंथाचे नाव दिले. जुआंव द बार्रुशने आशियातल्या पोर्तुगीजांचा इतिहास लिव्हीच्या धर्तीवर दहा-दहा पुस्तकांच्या ‘दशकां’त मांडला आणि ते काम पुढे दियोगु दु कोतू याने गोव्यात बसून चालवले. दीवचा वेढा फोडून परतलेल्या जुआंव द काश्त्रूने १५४७ मध्ये गोवा शहरात साक्षात रोमन विजययात्रा काढली. डोक्यावर पानांचा मुकुट, पुढे कैदी आणि शत्रूकडून हिसकावलेली निशाणे. ती मिरवणूक विणून काढलेले भव्य पडदे आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे ज्यांनी आपल्या मुलखात राज्य केले त्यांनी स्वतःकडे रोमच्या आरशात पाहिले. त्यांनी त्यात स्वतःचे कौतुक पाहिले हे खरे. पण तोच आरसा आपल्यालाही वापरता येतो आणि त्यात निराळ्या गोष्टी दिसतात.

मॅकियाव्हेली म्हटले की मराठी वाचकाला ‘राजा’ हे छोटे पुस्तक आठवते आणि कपटनीतीचा पुरस्कर्ता अशी त्याची ओळख डोळ्यांपुढे येते. माझ्या मते ‘प्रवचने’ हा त्याचा अधिक मोलाचा ग्रंथ आहे, आणि त्यातही दुसऱ्या भागाचे पहिले प्रकरण आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. तिथे तो विचारतो, रोमचे साम्राज्य नशिबाने वाढले की कर्तृत्वाने? प्लुटार्क आणि लिव्ही नशिबाकडे झुकतात, तो कर्तृत्वाकडे झुकतो. पण या वादाच्या ओघात तो एक निरीक्षण नोंदवतो, ते त्या वादापेक्षाही मोठे आहे. रोमन लोक कोणत्याही नव्या प्रांतात भिंत फोडून शिरले नाहीत. त्यांच्यासाठी आतल्या कोणीतरी दार उघडले होते. कापुआच्या लोकांनी त्यांना सॅम्नियममध्ये नेले, मेस्सिनाच्या मामेर्तिनांनी सिसिलीत, मासिनिसाने आफ्रिकेत, एटोलियनांनी ग्रीसमध्ये, एडुई जमातीने गॉलमध्ये. प्रत्येकाचा स्वतःचा एक शेजारी वैरी होता आणि प्रत्येकाला वाटले की आपण रोमला वापरून घेत आहोत. माझे म्हणणे असे की पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांकडे कशी गेली, हे समजून घ्यायला शौर्याच्या कथांपेक्षा आणि फितुरीच्या कथांपेक्षा हे एक निरीक्षण अधिक उपयोगी पडते.

पुरावा पाहू. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने वसई घेतली आणि पोर्तुगीजांचा उत्तरेचा सारा प्रांत गेला. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपड्यांची फौज सासष्टीत उतरली आणि वाडीकर भोसले बार्देशात शिरले. गोव्याचे राज्य बेटापुरते उरते की काय, अशी स्थिती होती. ज्या सत्तेची ही अवस्था, तिने सात वर्षांत हळर्ण, डिचोली आणि तेरेखोल घ्यावे हे केवळ तोफांच्या बळावर झाले नाही. लिस्बनहून कुमक आली, आणि आल्मैद हा कसलेला माणूस होता. ब्राझीलमध्ये मिनाश जेराइशचा कारभार करताना त्याने १७२० चा उठाव निर्दयपणे मोडला होता. पण निर्णायक गोष्ट ही की भोसल्यांच्या अमलाला कंटाळलेल्या सत्तरीच्या राण्यांनी त्याच्याशी हातमिळवणी केली. घाटाच्या पायथ्याची रानवाट ज्याला ठाऊक, तो बाजूला आला की किल्ला अर्धा पडलेलाच असतो. नंतर यातला काही मुलूख भोसल्यांकडे परतला. मग दक्षिणेला तेच घडले. १७६३ च्या सुमारास हैदर अलीच्या धाकाने सोंद्याचा राजा गोव्यात आश्रयाला आला आणि त्याच्या मागोमाग फोंड्यापासून काणकोणपर्यंतचा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती आला. तिथे भिंत फोडावी लागली नाही, घरधनीच कुलूपकिल्ली घेऊन आला.

पेडण्याची कथा तर मॅकियाव्हेलीला उदाहरण म्हणून घ्यावीशी वाटली असती अशी आहे. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेमसावंताचे लग्न जयाप्पा शिंद्यांच्या मुलीशी झाले आणि शिंद्यांच्या वजनामुळे त्याला दिल्लीच्या बादशहाकडून ‘राजा बहादूर’ हा किताब मिळाला. वाडीला आपल्या हाताखालची मानणाऱ्या कोल्हापूरकर छत्रपतींना हे रुचले नाही. एका किताबातून धुमसलेले वैर वर्षानुवर्षांच्या लढायांपर्यंत गेले. इकडे १७८१-८२ च्या सुमारास डिचोली आणि सांखळी पुन्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेलीच होती. कोल्हापूरचा दाब वाढला तेव्हा वाडीने ज्यांच्याशी दोन पिढ्या झुंज दिली त्या फिरंग्यांकडेच मदत मागितली, आणि १७८८ च्या तहाने पेडणे कायमचे लिहून दिले. छत्रपतींच्या घराण्याची एक शाखा, तिच्याच पूर्वजांच्या आश्रयाने वाढलेले एक सरदारघराणे, शिंद्यांची सोयरीक आणि दिल्लीचा एक कागद, या चौघांच्या ओढाताणीत तेरेखोलपासून शापोऱ्यापर्यंतचा मुलूख गेला. यातला एकही पक्ष पोर्तुगीजांचा हस्तक नव्हता. प्रत्येकाने आपल्या समोरच्या वैऱ्याचाच विचार केला.

यावर पहिला आणि सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप असा की ही मांडणी दोष आपल्याच माणसांच्या माथी मारते आणि जिंकणाऱ्याला मोकळे सोडते. हा आक्षेप मला गंभीर वाटतो, कारण वसाहतवादी इतिहासकारांनी हीच मांडणी ‘हे लोक राज्य करायला नालायकच होते’ असे म्हणण्यासाठी वापरली आहे. पण मॅकियाव्हेलीचा रोख तो नाही. कापुआ किंवा एडुई जमात यांना तो देशद्रोही म्हणत नाही. कारण सरळ आहे: जिथे सर्वांचा मिळून एक देशच उभा राहिलेला नव्हता, तिथे द्रोह कोणाशी? तो विचारतो की अशी दारे कोणत्या समाजरचनेत असतात. ‘प्रवचनां’च्या पहिल्या भागात त्याने एका वर्गावर कठोर टीका केली आहे: गढ्या बाळगून, प्रजा पदरी ठेवून, जमिनीच्या उत्पन्नावर जगणारे जमीनदार. ते जिथे आहेत तिथे नागरी राज्य उभे राहत नाही, असे तो बजावतो. हे वाचताना मराठी वाचकाला रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवल्याशिवाय राहणार नाही. १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारात सिद्ध झालेल्या त्या ग्रंथात देशमुख, देशकुलकर्णी, पाटील या वतनदारांविषयी हाच इशारा आहे: ते राज्याचे लहान लहान वाटेकरीच असतात, परचक्र आले की वतनाच्या आशेने आधी त्याला जाऊन भेटतात. टोपीकरांना किनाऱ्याजवळ जागा देऊ नये, हेही अमात्यांनी स्पष्ट सांगितले आहे. फ्लॉरेन्सचा कारभारी आणि कोल्हापूरचा अमात्य एकमेकांना ठाऊक असणे शक्य नव्हते. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच रोगावर बोट ठेवले, म्हणूनच ते निदान मला खरे वाटते. कुडाळच्या देशमुखीतून राजे झालेले सावंत, सत्तरीचे राणे, पेडण्याचे देशप्रभू हे सगळे त्याच रचनेतून आलेले. त्यांच्यातल्या एखाद्याच्या नीतीला दोष देऊन इतिहास संपत नाही.

शिवाय दारे दोन्ही बाजूंनी उघडतात. खुद्द आल्बुकेर्कला गोव्याची वाट होन्नावरच्या तिमय्याने दाखवली होती, आणि त्यात तिमय्याचा स्वतःचा हिशेब होता. १६८३ मध्ये फोंड्याच्या वेढ्यात पोर्तुगीजांचा मोड झाला, संभाजीराजांनी जुवे बेट घेतले, राजधानी हाताच्या अंतरावर आली, आणि विजरईने आपला अधिकारदंड फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीशी नेऊन ठेवला. रोमन सेनापती लढाईपूर्वी शकुन का पाहत, यावर मॅकियाव्हेलीने प्रकरणे लिहिली आहेत. सैन्याचे धैर्य टिकवण्याचे ते साधन होते असे त्याचे म्हणणे, आणि त्या दिवशी गोव्यात तेच चालले होते. पण शहर वाचले ते औरंगजेबाचा मुलगा शाह आलम रामघाट उतरून आला आणि संभाजीराजांना मागे फिरावे लागले म्हणून. त्या शाहजाद्याच्या फौजेने डिचोलीची धूळधाण केली. मोगलांनी पोर्तुगीजांसाठी काही केले नाही. ते मराठ्यांविरुद्ध आले होते, आणि त्याचा लाभ तिसऱ्याला झाला.

दार उघडून आत घेतलेल्याचे पुढे काय होते, याचे उत्तरही ‘प्रवचनां’तच आहे. राज्य वाढवण्याच्या तीन रीती मॅकियाव्हेली सांगतो: बरोबरीच्या शहरांचा संघ, जिंकलेल्यांना सरळ प्रजा करणे, आणि रोमची रीत, म्हणजे सोबती मिळवायचे पण सेनापतिपद आणि राजधानी आपल्याकडे ठेवायची. सोबत्यांनी रोमसाठी दूरदूरचे राजे जिंकले. एके दिवशी त्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा ते स्वतःच चहूबाजूंनी रोमच्या प्रजेने वेढले गेले होते. आपल्याच घामारक्ताने त्यांनी आपले दास्य विकत घेतले होते. सत्तरीच्या राण्यांचा इतिहास या वाक्यांच्या शेजारी ठेवून वाचावा. ज्यांनी भोसल्यांविरुद्ध पोर्तुगीजांना वाट दिली, त्यांच्यावरच पुढे पोर्तुगीजांशी पुन्हा पुन्हा लढण्याची पाळी आली. १८५२ मध्ये दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि तीन वर्षे डोंगर पेटता ठेवला. १८९५ मध्ये दादा राणे उठले तेव्हा खुद्द राजपुत्र आफोंस याला लिस्बनहून फौज घेऊन यावे लागले. सोबत्याचा प्रजाजन झाल्याची जाणीव होण्यास इथे एक शतक लागले.

१८९५ च्या त्या प्रसंगात आणखी एक धागा आहे. उठाव पेटवला तो पोर्तुगीजांच्याच मराठा पलटणीने. तिला मोझांबिकला लढायला जाण्याचा हुकूम झाला आणि तिने तो मानला नाही. त्याआधी १८७१ मध्ये बंडाळीमुळे गोव्याची जुनी फौजच मोडावी लागली होती. भाडोत्री आणि उसन्या फौजेवर उभे राहिलेले राज्य पोकळ असते, हा मॅकियाव्हेलीचा आवडता सिद्धान्त. रोमचा शेतकरी स्वतः शिपाई होता म्हणून रोम टिकले, असे तो मानतो. यावर त्याच्या हयातीतच उत्तर मिळाले होते: १५१२ मध्ये प्रातो येथे त्याच्याच खेडूत शिपायांची पलटण स्पॅनिश पायदळापुढे पळाली आणि प्रजासत्ताक कोसळले. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. फ्लॉरेन्सने त्या खेडुतांना शस्त्र दिले, नागरिकत्व दिले नाही. रोमच्या शिपायाकडे दोन्ही होते. मराठा पलटणीने मोझांबिकला जावे तरी कोणत्या राज्यासाठी, या प्रश्नाला पणजीकडे उत्तर नव्हते.

किल्ल्यांविषयी मात्र मी मॅकियाव्हेलीशी पूर्ण सहमत नाही. रोमने जिंकलेली शहरे ताब्यात ठेवायला किल्ले बांधले नाहीत, आणि किल्ले बहुतेक वेळा अपायच करतात, असे तो ठासून सांगतो. अमात्यांचे मत नेमके उलटे: त्यांच्या लेखी किल्ले हेच राज्याचे सर्वस्व. मॅकियाव्हेलीचा मित्र आणि कठोर टीकाकार फ्रान्चेस्को ग्विच्चार्दिनी याने १५३० च्या सुमारास ‘प्रवचनां’वर टिपणे लिहिली आणि तिथेच सांगितले की प्राचीनांचे इतके कौतुक करू नये, रोमननीही जागा मजबूत करून ठेवल्याच होत्या. सह्याद्रीच्या माणसाला ग्विच्चार्दिनी पटेल. तरी मॅकियाव्हेलीच्या म्हणण्यातला एक भाग शिल्लक राहतो. परकीयाविरुद्ध बांधलेला किल्ला आणि स्वतःच्या प्रजेविरुद्ध बांधलेला किल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरा सहसा वेळेवर कामी येत नाही. १५ ऑगस्ट १९५४ रोजी मूठभर निःशस्त्र सत्याग्रही तेरेखोलच्या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिथे तिरंगा लावला. त्यांना पकडले गेले, पण तटबंदीने त्यांना अडवले नव्हते.

जिंकलेला मुलूख राखायचा कसा, हा मॅकियाव्हेलीचा पुढचा प्रश्न. स्वतःच्या कायद्याने जगायची सवय असलेला प्रदेश घेतला तर तीन मार्ग, असे ‘राजा’च्या पाचव्या प्रकरणात आहे: तो उद्ध्वस्त करा, तिथे जाऊन राहा, किंवा त्याचे कायदे त्यालाच ठेवू द्या, खंडणी घ्या आणि आपल्याशी बांधलेल्या थोडक्या घराण्यांच्या हाती कारभार द्या. गोव्याच्या जुन्या काबिजादी, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी, आणि अठराव्या शतकात घेतलेल्या नव्या काबिजादी शेजारी ठेवल्या की हे तिन्ही मार्ग एकाच नकाशावर दिसतात. तिसवाडीत आल्बुकेर्कने आपल्या शिपायांची इथल्या बायकांशी लग्ने लावून त्यांना जमिनी दिल्या. रोमने निवृत्त शिपायांच्या वसाहती वसवल्या तसेच हे. मग सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत देवळे पाडली गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपार डिचोलीच्या नार्वे गावात आला, आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजीमहाराजांनी तिथले देऊळ नव्याने उभारले. त्याचा शिलालेख आजही दारावर आहे. पुढे अठराव्या शतकात त्याच पोर्तुगीजांनी नव्या काबिजादी घेतल्या तेव्हा मार्ग तिसरा निवडला. देवस्थाने, वतने आणि रीतिरिवाज यांना हात लावणार नाही अशी हमी दिली, एकोणिसाव्या शतकात त्या रिवाजांची लेखी संहिता केली, आणि पेडण्याच्या देशप्रभूंना ‘व्हायकाउंट’ हा युरोपीय सरदारकीचा किताब दिला. नवे राज्यकर्ते अचानक उदार झाले, असे समजण्याचे कारण नाही. १७३९ चा धडा त्यांनी घेतला होता आणि नव्या मुलखात माणसांची मने बदलण्याइतके बळ त्यांच्याकडे उरलेले नव्हते. पेडणे आणि डिचोलीतली देवळे जागच्या जागी राहिली याचे श्रेय त्या अशक्तपणाला आणि सीमेपलीकडच्या मराठी सत्तांच्या धाकाला द्यावे लागेल.

तिसऱ्या मार्गाची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागली. जुनी घराणी जपून राज्य करायचे म्हणजे जमीन त्यांच्याकडे किंवा नव्या मर्जीतल्यांकडे राहणार आणि कसणारा कूळ म्हणूनच राहणार. रोममध्ये जिंकलेली जमीन कोणाची, या वादातून ग्राकस बंधूंचे रक्त सांडले आणि शेवटी प्रजासत्ताक मोडले, असे मॅकियाव्हेली म्हणतो. डिचोली तालुक्यातल्या मये गावाची जमीन पोर्तुगीज काळच्या इनामाखाली होती. १९६१ नंतर ती निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारच्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्या कुटुंबांना मालकीसाठी झगडत बसावे लागले. गोवा विधानसभेने मयेतील ती जुनी इनामे रद्द करणारा कायदा केला २०१४ मध्ये. अठराव्या शतकातल्या विजयाचा हिशेब एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहतो, तो असा.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा असेल. पोर्तुगीजांनी मॅकियाव्हेली वाचला होता याचा पुरावा काय? उलट पुरावा पुष्कळ आहे. त्याच्यावर छापील हल्ला करणाऱ्या पहिल्या काही लेखकांत जेरोनिमु ओझोरियु हा पोर्तुगीजच होता. ख्रिस्ती धर्माने लढाऊपणा मंदावला या मॅकियाव्हेलीच्या विधानाला त्याने १५४२ मध्ये उत्तर दिले, आणि पुढे राजा मानुएलचा, म्हणजे गोव्याच्या विजयाचाही, इतिहास लिहिला. १५५९ मध्ये रोमच्या धर्मपीठाने मॅकियाव्हेलीची सारी पुस्तके निषिद्ध ठरवली आणि पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन आले. त्यामुळे आलोर्नच्या मार्कीझने ‘प्रवचने’ उशाशी ठेवली होती असे मी मुळीच म्हणत नाही. १७५० मध्ये कारभार सोडताना त्याने आपल्या जागी येणाऱ्या विजरईसाठी शेजारी राजांशी कसे वागावे याची सविस्तर सूचना लिहून ठेवली, आणि ती वाचताना फ्लॉरेन्सच्या चिटणिसाची आठवण येते, इतकेच. पण प्रभाव हा माझ्या युक्तिवादाचा आधारच नाही. मॅकियाव्हेलीने रोमच्या वागणुकीतून एक नियम काढला. तो नियम खरा असेल तर तो न वाचणाऱ्यालाही लागू पडतो.

ग्विच्चार्दिनीचा आक्षेप याहून खोल आहे. पदोपदी रोमचा दाखला देणारे लोक चुकतात, कारण रोमसारखी परिस्थिती आणि रोमसारखी व्यवस्था असल्याशिवाय तो दाखला लागू होत नाही, असे तो म्हणतो. अठराव्या शतकातले पोर्तुगीज राज्य म्हणजे रोम नव्हे, हे उघड आहे, आणि ते रोमपेक्षा नेमके कुठे उणे होते हे पाहणे मला अधिक शिकवणारे वाटते. रोमने सोबत्यांना उशिरा का होईना, नागरिक केले. इसवी सन ४८ मध्ये गॉलच्या सरदारांना सिनेटमध्ये घेताना सम्राट क्लॉडियसने केलेला युक्तिवाद टॅसिटसने नोंदवला आहे: स्पार्टा आणि अथेन्स लढाईत श्रेष्ठ असूनही बुडाली, कारण जिंकलेल्यांना ती परकेच मानत राहिली. पोर्तुगालने १७६१ मध्ये आपल्या आशियातल्या प्रजेला समान हक्क जाहीर केले, पण ते बाप्तिस्मा घेतलेल्यांना. नव्या काबिजादींतला हिंदू बरोबरीचा नागरिक ठरायला १९१० चे प्रजासत्ताक यावे लागले, आणि वीस वर्षांनी सालाझारच्या वसाहत कायद्याने ती बरोबरी पुन्हा खाली ढकलली. सोबती मिळवण्याची रोमची युक्ती त्यांनी घेतली. सोबत्याला घरचा माणूस करण्याची रोमची ताकद त्यांच्याकडे कधीच आली नाही. म्हणून माझा निवाडा असा की काश्त्रूची विजययात्रा आणि आलोर्नचा किताब हे रोमचे बाह्य रूप होते, आणि १८५२ व १८९५ ची बंडे त्या रूपाखाली काय उणे होते याची साक्ष होती.

या मांडणीचा कच्चा माल मराठी वाचकाच्या हाताशी आहे. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे आडनाव लावणारे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्य गोव्याच्या दप्तरखान्यात घालवले. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे, आणि पोर्तुगीजांच्या राजकारणातल्या हिंदू वकिलांवर व दुभाष्यांवर त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले आहे. विजरईची पत्रे वाडीला आणि वाडीची विजरईला पोहोचवणारे ते शेणवी दुभाषे म्हणजे या दारांचे खरे राखणदार, पण त्यांच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. १५९५ मध्ये दियोगु दु कोतूच्या हाती सोपवलेला तो दप्तरखाना आज पणजीत आहे, आणि शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची बाडे तिथे आहेत. पेडणे आणि डिचोलीच्या महाविद्यालयांतून इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींनी मोडी आणि पोर्तुगीज या दोन्ही लिहिण्या-वाचण्यापुरत्या शिकाव्यात, ती बाडे उघडावीत, आणि या प्रस्तावनेत जे विधान कागदाशी जुळणार नाही ते खोडून काढावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.